परीक्षक क्रमांक सत्तावीस

सोमवारी सकाळी कार्यालयाचं दार उघडून टाचणीबाईंनी अजून पर्सही खाली ठेवली नव्हती, तोच एक सत्तरीच्या बाई आत आल्या आणि विचारल्याशिवाय समोरच्या खुर्चीत बसल्या. पिशवीतून त्यांनी एक जाड, चकचकीत कागद काढला आणि टेबलावर ठेवला. सोनेरी महिरपीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वर्षातील उत्कृष्ट परीक्षक'. खाली नाव होतं, आणि त्याखाली 'या वर्षी अकरा शोधलेखांचे साक्षेपी परीक्षण केल्याबद्दल'.

"हे माझे यजमान," बाई म्हणाल्या. "जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही आला होतात तेव्हा. पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन."

टाचणीबाईंना सगळं आठवलं. त्या चक्राची तार त्यांच्या बोटाला लागली होती, तेसुद्धा आठवलं.

टाचणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. एकोणीस वर्षं त्या या शोधपत्रिकेच्या सहायक संपादक होत्या, आणि लेखकांना त्यांच्या शंका टोचायच्या, म्हणून हे नाव पडलं होतं. 'तक्ता तीनमधली बेरीज जुळत नाही', 'हा संदर्भ यादीत नाही' अशा बारीक अक्षरांतल्या चिठ्ठ्या त्या लेखाला टाचून परत पाठवायच्या. भल्याभल्या प्राध्यापकांना त्यांच्या चिठ्ठीनं घाम फुटायचा. आपल्या नजरेतून काही सुटत नाही असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता, आणि तो त्यांनी चांगला दूध-तूप घालून पोसला होता.

त्या समजाची आता शोभा झाली होती. कारण या सन्मानासाठी नाव सुचवलं होतं ते त्यांनीच.

नाव म्हणजे नंबर. चार वर्षांपूर्वी पत्रिकेत संगणकावरची नवी पद्धत आली, तेव्हा मुख्य संपादकांनी मोठ्या अभिमानानं जाहीर केलं होतं की इथून पुढे परीक्षण पूर्ण गुप्त. लेख कोणाचा हे परीक्षकाला कळणार नाही, परीक्षक कोण हे लेखकाला कळणार नाही, आणि कार्यालयालाही परीक्षक फक्त नंबरानं माहीत असेल. नावं एकट्या संपादकांकडे. म्हणजे कोणी कोणाच्या कानाला लागायला नको. टाचणीबाईंना तेव्हा ते फार पटलं होतं. आता त्याच पद्धतीकडे पाहून त्यांच्या मनात आलं, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

यंदा पत्रिकेला वरच्या दर्जाचं मानांकन हवं होतं. त्याच्या अर्जात एक रकाना होता, 'आपण परीक्षकांचा सन्मान करता काय?' संपादक तेव्हा परदेशी परिषदेला होते. फोनवर म्हणाले, "बाई, तुम्हीच बघा कोणाला द्यायचं ते, मला आता वेळ नाही." बाईंनी यादी काढली. बाकीचे परीक्षक एकेका लेखावर सहा-सहा महिने बसायचे, फोन केला की आजारी पडायचे. सत्तावीस नंबर मात्र दोन दिवसांत उत्तर पाठवायचा. 'सत्तावीस नंबर म्हणजे देवमाणूस आहे,' असं त्या घरी नवऱ्यालासुद्धा बोलल्या होत्या. त्यांनी सत्तावीसवर खूण केली. संगणकानं नाव आणि पत्ता थेट छापखान्याला कळवला, छापखान्यानं कागद पाकिटात घालून पोस्टात टाकला, आणि तोच संगणक हे अभिनंदन पत्रिकेच्या संकेतस्थळावर टाकून मोकळा झाला. मधे माणसाचा हात कुठेच लागला नाही.

"काकू, काहीतरी चूक झाली असेल," टाचणीबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच पटला नाही.

"चूक झाली असती तर मी फोन केला असता," काकू म्हणाल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, गणिताच्या. बोलणंही पायरी-पायरीनं चालायचं. "यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं परवा पत्र आलं. त्यानं संकेतस्थळावर नाव वाचलं. पाणी शुद्ध करणं हा यांचा विषय, आणि त्यावर तुमच्याकडे या वर्षी छापून आले लेखच अकरा. म्हणजे ते सगळे यांनी जायच्या आधी पास केले आणि छापले आता, असं त्यानं धरलं. त्यातला एक लेख म्हणे असा आहे की नारळाच्या शेंड्यांतून गाळलं की पाण्यातलं सगळं विष जातं, आणि ते तपासलंय तीन बाटल्यांवर. लोक हसतायत त्याला. त्या मुलानं लिहिलंय, 'शेवटी शेवटी सरांची नजर अधू झाली होती का?'"

हे शेवटचं वाक्य सांगताना त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

"मला पुरस्कार नको, माफी नको. पुढच्या अंकात छापा की ते अभिप्राय यांचे नव्हते. कोणाचे होते तेही छापा. एवढंच. चाळीस वर्षं या माणसानं कोणाला खोटं चांगलं म्हटलं नाही. अहो, माझ्या हातच्या स्वयंपाकालाही नाही."

काकूंचे यजमान प्राध्यापक होते, विद्यार्थी त्यांना 'करवत' म्हणायचे. संगणक त्यांनी शेवटपर्यंत वापरला नाही. त्यांचा अभिप्राय टपालानं यायचा, पेन्सिलीनं लिहिलेला, चार-चार पानी, आणि लेखकाला तो वाचून आठवडाभर जेवण जायचं नाही. पण वर्षानं तोच लेखक सुधारलेला लेख घेऊन यायचा आणि तो लेख खरोखर चांगला असायचा. टाचणीबाई एकोणीस वर्षांत जे काही शिकल्या होत्या, त्यातलं अर्धं त्या पेन्सिलीच्या पानांवरून शिकल्या होत्या. त्यांनी काकूंना पाणी दिलं, तीन दिवसांत काय ते सांगते म्हणाल्या आणि जिन्यापर्यंत सोडायला गेल्या.

परत आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि संपादकांच्या खात्यात शिरल्या. चोरून नव्हे. संपादकांना स्वतःची कामं स्वतः करायचा कंटाळा, म्हणून पासवर्ड त्यांनीच कधीचा देऊन ठेवला होता. 'नीती' आणि पुढे एक-दोन-तीन. नावांचं पान उघडायचं नाही एवढी अट होती, आणि बाईंनी ती पाळली होती. आज त्यांनी ते पान उघडलं.

सत्तावीस नंबरच्या पुढे करवत सरांचं नाव होतं. नोंदणीची तारीख त्यांच्या मृत्यूनंतर बरोबर दोन महिन्यांची. ईमेलचा पत्ता अनोळखी. घरचा पत्ता मात्र खरा, कारण खोटं खरं दिसायचं तर त्यात चिमूटभर खरं टाकावं लागतं. त्या चिमटीनंच घात केला होता. आपल्या लेखाचे परीक्षक आपणच सुचवायची सोय अर्जात असते. तिथे हे नाव सुचवलं होतं एका तरुण प्राध्यापकानं. तो संपादकांचा जावई. आणि 'नाव तपासले, मान्य' अशी खूण होती ती खुद्द संपादकांची.

जावई हा दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह तर सासऱ्यांच्या कुंडलीतून उठून थेट पत्रिकेत येऊन बसला होता.

तीन वर्षांत सत्तावीस नंबरनं चौतीस लेख पास केले होते. नऊ जावईबापूंचे, बाकीचे त्यांच्या मित्रमंडळींचे. आज मी तुझा, उद्या तू माझा. उंदराला मांजर साक्ष. बाईंनी अभिप्राय एकामागून एक उघडले. प्रत्येक अभिप्राय तीन ओळींचा. 'विषय महत्त्वाचा आहे. मांडणी उत्तम आहे. लेख प्रकाशित करावा.' मधे लेखाचं शीर्षक तेवढं बदललेलं. एका ठिकाणी तेही बदलायचे कष्ट घेतले नव्हते. क्षारांवरच्या लेखाच्या अभिप्रायात आधीच्या जंतूंवरच्या लेखाचं शीर्षक तसंच राहिलं होतं. मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोलायचं, आणि तेही आळसानं.

हे असलं काही बाईंनी आधी पाहिलं नव्हतं असं नाही. आकडे फुगवणारे पाहिले होते, विद्यार्थ्याचा लेख स्वतःच्या नावावर खपवणारे पाहिले होते. पण अंत्यसंस्काराच्या दिवशी संपादक काय बोलले होते ते त्यांच्या कानात होतं. 'सर म्हणजे आमच्या पत्रिकेचा कणा होते' म्हणाले होते, आणि रुमाल डोळ्यांना लावला होता. रुमालाची घडी मोडल्यावर दोनच महिन्यांनी त्यांनी या नावासमोर 'तपासले, मान्य' केलं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं बाईंच्या आई म्हणायच्या. बाईंना वाटायचं, ती नुसती म्हण आहे.

सगळी पानं छापून घेऊन त्या संपादकांच्या खोलीत गेल्या. संपादक खोकल्याची गोळी चघळत होते. पानं पाहून त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली, एवढाच काय तो फरक पडला.

"बसा बाई. कोणी पाहिलंय का हे?"

बाईंना वाटलं होतं, निदान आधी लाज वाटेल, मग हिशेब सुरू होईल. हिशेब आधीच सुरू झाला होता.

"काकू येऊन गेल्या."

"त्यांची समजूत घालू आपण. तांत्रिक बिघाड म्हणू."

"सर, नाव तुम्ही मान्य केलंय. तुम्ही अंत्यसंस्काराला हजर होतात. भाषण केलं होतं तुम्ही."

"अहो, दिवसाला पन्नास नावं मान्य करतो मी." मग ते पुढे झुकले. चेहऱ्यावर वडीलधारं हसू आलं. "आणि खरं सांगू का, लेख काही वाईट नाहीत. सर असते ना, तरी त्यांनी पासच केले असते."

बाईंनी टेबलावरची पानं गोळा करून हातात घेतली.

"नीतिमत्ता समितीपुढे ठेवू," संपादक म्हणाले. "रीतसर."

पत्रिकेला नीतिमत्ता समिती होती. मानांकनाच्या अर्जात तिचाही रकाना होता, म्हणून होती. अध्यक्ष खुद्द संपादक. दुसरे सभासद जावईबापूंच्या विभागाचे प्रमुख, ज्यांचं नाव त्या नऊपैकी पाच लेखांवर सहलेखक म्हणून होतं. तिसरे एक निवृत्त प्राचार्य, त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते प्रत्येक ठरावाला 'अनुमोदन' म्हणायचे. तळं राखी तो पाणी चाखी, इथे तर तळ्यावर सगळे चाखणारेच राखायला बसवले होते. बुधवारी सभा झाली. बाई इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसल्या.

विभागप्रमुखांनी बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाले, "लेख मागे घेतले तर मानांकन गेलं समजा. लेखांना हात लावायचा नाही."

"मग छापायचं काय?"

"एक निवेदन. चार ओळींचं."

त्यांनी चार ओळी सांगितल्या, संपादकांनी दोन शब्द बदलले आणि बाईंनी लिहून घेतल्या. 'दिवंगत परीक्षकांच्या नावे नोंदलेल्या काही अभिप्रायांची पडताळणी होऊ शकली नाही. पत्रिकेच्या नैतिक निकषांनुसार त्यांचे नाव परीक्षक-सूचीतून वगळण्यात येत आहे. संबंधित लेखांच्या गुणवत्तेबाबत समिती समाधानी आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

बाईंची लेखणी थांबली. चौतीस लेख जागच्या जागी. जावई जागच्या जागी. संपादक जागच्या जागी. सूचीतून कोणाला काढलं, तर त्या खोलीत ज्याला स्वतःच्या बाजूनं एक शब्दही बोलता येणार नव्हता त्याला. वाचणाऱ्याला काय कळणार? म्हाताऱ्यानं काहीतरी भानगड केली, तो मेला, पत्रिकेनं सभ्यपणे झाकली.

"आणि त्यांच्या पत्नीला वाईट वाटायला नको," संपादक म्हणाले, "म्हणून सरांच्या नावानं दरवर्षी एक पुरस्कार सुरू करू. तरुण संशोधकासाठी. त्याही खूश होतील."

"पहिल्या वर्षी कोणाला द्यायचा?" विभागप्रमुखांनी सहज विचारलं.

संपादक गोळी चघळत खिडकीकडे पाहत राहिले. खोलीत एक नाव हजर असल्यासारखं सगळ्यांनी चहाचा घोट घेतला.

"अनुमोदन," प्राचार्य म्हणाले.

अंकाचं शेवटचं वाचन नेहमी टाचणीबाई करायच्या. त्यांच्यानंतर थेट यंत्र. गुरुवारी निवेदनाचं पान त्यांच्या टेबलावर आलं. चार ओळी खोडून त्या जागी चार खऱ्या ओळी लिहिल्या असत्या तर कोणाला पत्ता लागला नसता. अंक वाचकांच्या हातात पडल्यावरच कळलं असतं. त्यांनी लाल पेन उचललंही. पण निवेदनाखाली तिघांची नावं होती, आणि दुसऱ्याच्या नावाखाली आपले शब्द घालायचे म्हणजे जावईबापूंनी केलं तेच करायचं. शब्द खरे असले म्हणून काय झालं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पानावर 'हा मजकूर खोटा आहे, मी वाचन-मंजुरी देत नाही' असं लिहून सही केली, पान संपादकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, आणि जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन स्वतःच्या नावानं एक पत्र लिहिलं.

दोन पानी पत्र होतं. नोंदणीची तारीख, कोणी सुचवलं, कोणी मान्य केलं, चौतीस लेखांची यादी. प्रत्येक वाक्यापुढे पुराव्याच्या पानाचा क्रमांक. गुप्ततेची अट मोडते आहे याची जाणीव आहे, असंही त्यात होतं. नवऱ्यानं वाचून एवढंच विचारलं, "नोकरी?" बाई म्हणाल्या, "असली काय आणि नसली काय," आणि मग, ते काही खरं नव्हतं म्हणून, थोडं रडल्या.

संध्याकाळच्या आत त्या काकूंच्या घरी पोचल्या. घर दोन खोल्यांचं, भिंतीला लागून पुस्तकं, खिडकीपाशी रिकामं टेबल. काकूंनी पत्र हातात घेतलं आणि गणिताचा पेपर तपासावा तसं तपासलं. एकेका ओळीवर बोट ठेवून पुराव्याचं पान काढायच्या, जुळवायच्या, पुढे जायच्या. अर्धा तास गेला. बाई समोर बसून राहिल्या. समितीच्या निवेदनाचं आणि पुरस्काराचं सांगितलं तेव्हा काकूंनी मान वर केली, "यांच्या नावानं?" एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा पत्राकडे वळल्या.

"याच्या प्रती काढते," त्या शेवटी म्हणाल्या. "यांचे जेवढे विद्यार्थी आहेत तेवढ्यांना, आणि ही पत्रिका घेतात त्या सगळ्या ग्रंथालयांना. तुमची सही राहू दे ना खाली?"

"राहू दे. म्हणूनच केलीय."

बाईंना वाटलं, आता आपण उठायला हरकत नाही. आपल्या वाट्याचं आपण केलं. पण काकूंनी बोट दुसऱ्या पानावर ठेवलं होतं. तिथे ते तीन ओळींचे अभिप्राय उतरवलेले होते.

"हे सगळे आधी तुमच्याकडे यायचे?"

"हो. माझ्यामार्फत लेखकाकडे जायचे."

"म्हणजे चौतीस वेळा वाचलेत तुम्ही. तेच शब्द."

"नाव दिसायचं नाही काकू. फक्त नंबर."

"नावाचं नाही विचारत मी. यांचे अभिप्राय वर्षानुवर्षं वाचलेत तुम्ही. परीक्षण कशाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. दोन दिवसांत तीन ओळी. काहीच वाटलं नाही?"

खाली रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. बाईंना उत्तर माहीत होतं. ते सोमवारपासून माहीत होतं, संपादकांच्या खोलीत पानं नेली तेव्हाही माहीत होतं, आणि दोन पानांत त्यांनी ते कुठेही येऊ दिलं नव्हतं. चौतीस वेळा त्यांनी एकही चिठ्ठी टाचली नव्हती.

"वाटायचं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन-तीन वेळाच वाटलं. पण अंक वेळेवर निघायला लागला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मग मी वाचायचंच सोडलं. आले की पुढे पाठवायचे."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, दयाही नव्हती. वर्गात एखाद्या हुशार मुलीनं शेजारणीचं उत्तर उतरवलेलं सापडावं, तसं त्या पाहत होत्या.

"तेही लिहा," त्या म्हणाल्या आणि टेबलाच्या खणातून पेन काढून पुढे केलं.

सहीच्या वर दोन ओळींची जागा होती. टाचणीबाईंनी पत्र स्वतःकडे ओढलं आणि बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली.